दिंडीचे सुतारनाना

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात दुपारच्या वेळेला केलेलं भाषण)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्याचा ग्रंथ निघतोय. मंडळींनी आम्हांला सांगितलं, बुवा, दिंडीतल्या एखाद्या थोर माणसावर तुम्ही बोला, ते आपण छापू. आमचं शिक्षण चौथी. छापायच्या गोष्टी आम्हांला कमी कळतात, पण माणूस थोडाफार कळतो. दिंडी ज्यांनी सुरू केली त्या महाराजांवर जाणती मंडळी बोलतीलच. अन्नदान करणाऱ्यांची नावं मठाच्या फरशीवर कोरलेली आहेत, ती येताजाता सगळेच वाचतात. आम्ही आज बोलणार आहोत आपल्या सुतारनानांवर.

समोर बसलेली म्हातारी माणसं हसली बघा. हसणारच. नानांचं नाव निघालं की माणूस आधी हसतो आणि मग डोळे पुसतो. त्यांचं कागदावरचं नाव आम्हांला पहिल्यांदा मतदारयादीत दिसलं, तेव्हा हा कोण माणूस असं वाटलं होतं. सगळ्या गावाला, दिंडीला, पार आळंदीपासून वाखरीपर्यंतच्या वाटेवरच्या चहावाल्यांनाही ते नानाच होते. म्हणून इथंही नानाच म्हणू.

नाना म्हणजे गावचे सुतार. आपला हा माणदेश. पाऊस आला तर आला. अशा मुलखात शेतकऱ्याची दैना, तर शेतकऱ्याच्या खळ्यावर ज्याचं बलुतं, त्या सुताराची काय गत असेल, हे तुम्हीच समजून घ्या. शेतात पिकलं तर सुताराच्या घरात पेंढी येणार. नाही पिकलं तर वर्षभर केलेली नांगराची, कुळवाची, पाभरीची दुरुस्ती पाण्यात. मागायचं कुणाकडं? समोरचाही उपाशीच.

आता पोरं नांगर ट्रॅक्टरच्या मागं बघतात, म्हणून जरा इस्कटून सांगतो. गाडीचं चाक ही साधी वस्तू नव्हे. नाना बाभळीचं खोड तोडून आणायचे, ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचे, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. मग बाहेर काढून सावलीत वाळवायचे. उन्हात वाळवलं तर चिरतं. त्यातून मधला तुंबा करायचा, तुंब्याला किकऱ्यानं भोकं पाडायची, त्यात बारा आरे ठोकायचे, आऱ्यांवर सहा पुठ्ठे बसवायचे. एक आरा सुताभर इकडंतिकडं झाला तर गाडी जन्मभर लंगडते. हे सगळं झालं की लोहाराची पाळी. लोखंडी धाव शेण्यांच्या जाळात लाल करायची, चौघांनी चिमट्यांनी धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळते, सगळे सांधे कडकड वाजत आत बसतात. आम्ही पोरं ते बघायला शाळा बुडवून जायचो. नाना त्या आवाजाकडं कान देऊन उभे राहायचे. आवाजावरनं त्यांना कळायचं, चाक किती वर्षं टिकणार ते.

आता नानांचा एक दोष सांगतो. मेलेल्या माणसाचं नुसतं गोड सांगितलं तर ते खोटं होतं. नाना वायदा पाळत नसत. सुताराचा उद्या आणि शिंप्याचा सोमवार, असं आपल्यात गमतीनं म्हणतात ते काही उगाच नाही. पण नाना लबाडीनं उद्या म्हणत नव्हते. त्यांना मनापासून वाटायचं की उद्या होईल. गडी कुणालाच नाही म्हणत नसे. पाभर घेऊन आला, ठेव. कुळवाचं दिंड मोडलं, ठेव. चाड्याला चीर गेली, ठेव. "मिरगाच्या आदी देतो" म्हणायचे. आणि मिरग निघतो ७-८ जूनला, वारीचं प्रस्थान ज्येष्ठातच. सगळ्या गावाची पेरणी आणि पांडुरंगाची वाट, दोन्ही एकदम नानांच्या दारात येऊन उभी राहायची. मग हा माणूस कंदील लावून रात्र रात्र काम करायचा. नानी झोपेतून उठून शिव्या घालायच्या आणि कंदील धरून उभ्याही राहायच्या. एका वर्षी दिंडी वेशीबाहेर गेली तरी नाना एका गरिबाच्या पाभरीचे फण ठोकत होते. फणांमधलं अंतर सारखं नसेल तर पिकाच्या ओळी वाकड्या येतात, कोळपं चालत नाही, म्हणून मोजून मापून बसवत होते. काम झाल्यावर वाकस खांद्याला लावून पळत निघाले आणि पुढच्या मुक्कामाला दिंडी गाठली. कुणीतरी म्हणालं, नाना, उशीर केला. नाना म्हणाले, "मी कुटं उशीर केला? तुमीच लवकर निघालाय."

असा हा माणूस. कुठल्याही गोष्टीत त्यांना वाट दिसायची. दुसऱ्याला भिंत दिसायची तिथं नानांना दार दिसायचं, सुतारच ते. त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "हुईल की!"

आम्ही पहिल्यांदा वारीला गेलो ते सतराव्या-अठराव्या वर्षी. तेव्हा दिंडीचं सामान बैलगाडीत असायचं. राहुट्यांचं कापड, मेखा, भांडी, पीठमीठ, सगळं. पुण्याहून सासवडचा टप्पा तुम्हांला माहीत आहे, वाटेतला सगळ्यांत लांबचा. त्यात बहुतेक ज्येष्ठातली वद्य एकादशी त्याच दिवशी येते, म्हणजे पोटात उपवास आणि पुढं दिवेघाट. त्या वर्षी घाटात आपल्या गाडीच्या चाकाचे दोन आरे मोडले आणि एक पुठ्ठा तडकला. वर पाऊस. मागं दिंड्याच दिंड्या. आमच्यातली मोठी माणसंही घाबरली. आता सामान सोडून द्यावं लागतंय असं म्हणायला लागली. नानांनी चाकाभोवती एक फेरी मारली, गाडीखालून काथ्या काढला, फळी लावून चाक करकचून बांधलं, निम्मं सामान माणसांच्या डोक्यावर दिलं आणि म्हणाले, "सासवडापातूर हुईल की." आणि झालं.

सासवडला माऊलींचा मुक्काम दोन रात्रींचा. मधल्या दिवशी सगळी दिंडी सोपानकाकांच्या समाधीच्या दर्शनाला गेली. नाना गेले नाहीत. गाडीच्या बुडाला त्यांनी घरूनच चार वाळके आरे बांधून आणलेले होते, हे तेव्हा आम्हांला कळलं. आपल्या बायांनी शेण्या गोळा केल्या, गावातला एक लोहार मिळाला, धाव उतरवली, आरे घातले, पुठ्ठा सांधला, पुन्हा धाव चढवली. दिवस मावळायला चाक उभं राहिलं. आम्ही म्हणालो, नाना, सोपानकाकांचं दर्शन राहिलं की तुमचं. ते तंबाखू मळत म्हणाले, "तुमी गेलावता न्हवं? माझा नमस्कार सांगितला का न्हाई?" आमच्याबरोबरच्या एकानं खरंच सांगितला होता. "मग झालं की," म्हणाले.

पुढं नीरेला आलो. तिथं माऊलींच्या पादुकांना स्नान असतं. नानांनी आपली गाडी पण नदीच्या पाण्यात नेऊन उभी करायला लावली. उन्हाळ्यात लाकूड आखडतं, चाक खुळखुळं होतं. पाणी प्यायलं की फुगतं आणि सांधे घट्ट बसतात. आम्हांला म्हणाले, "माऊलींची आंगूळ झाली, आता चाकाची." तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कीर्तनात उभं राहिलं की वाटतं, माणसाचंही तसंच आहे. संसाराच्या उन्हानं सांधे ढिले होतात, म्हणून वर्षातून एकदा या गर्दीत येऊन भिजायचं.

दिंडीतली किती कामं त्यांच्या हातची होती, ते तुम्हांला माहीत नसेल. आपली वीणा मिरजेची, पण तिची खुंटी फिरेनाशी झाली तेव्हा नानांनी नवी बसवली, ती अजून आहे. पखवाजाचे गट्टे त्यांनीच तासलेले. पताकांच्या काठ्या, राहुट्यांच्या मेखा, भाकरी थापायच्या काटवटी. स्वतःला मात्र कधी पुढं उभं केलं नाही. त्यांचा आवाज भसाडा, ताल कच्चा. टाळ वाजवताना एक ठोका हमखास चुकायचा. चोपदारांनी डोळे वटारले की नाना गोड हसायचे आणि पुढचा ठोका जोरात मारायचे.

आता बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतो. आमची चौथी झाली आणि १९७२ चा दुष्काळ आला, शाळा तिथंच राहिली. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. शेतच नाही तर नांगर कुणाला पाहिजे? नानांच्या दारातला ठोकण्याचा आवाज बंद झाला. घरात म्हातारे आईवडील, नानी, तीन पोरी आणि एक तान्हं पोर. ज्या हातांनी चाकं घडवली, त्याच हातांनी नाना दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. आमची आई त्याच कामावर होती, आम्ही तिच्या मागं जायचो. सुकडी मिळायची, तांबड्या मिलोच्या भाकरी खायच्या.

कामावर माणसांचे हात फुटायचे, कारण दिलेल्या टिकावांचे, कुदळींचे दांडे धड नसायचे. नाना दिवसभर खडी फोडायचे आणि संध्याकाळी बायकामाणसांच्या टिकावाचे दांडे तासून गुळगुळीत करून द्यायचे. पैसे मागत नव्हते, मागून मिळालेही नसते. आमच्या आईच्या घमेल्याखाली डोक्यावर ठेवायला त्यांनी लाकडाची एक हलकी चकती करून दिली होती, वरून चुंबळ गुंडाळायची. आई शेवटपर्यंत ते सांगायची. आम्ही लहान होतो, आम्ही विचारलं, नाना, पाऊस कधी येणार? ते म्हणाले, "येणार तर हायच. तवर दांडं नीट करून ठेवू."

दुष्काळ सरला, पण दुसरंच संकट आलं. टायरच्या गाड्या आल्या. रबरी चाक, लोखंडी आस, बैलाला ओढायला हलकं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच झालं, पण चाक घडवणाऱ्याचं काम गेलं. लोखंडी नांगर तर आधीच आला होता. मग ट्रॅक्टर आले. दिंडीचं सामानही गाडीतून ट्रकमध्ये गेलं. दुसरा असता तर कारखानदारांना, काळाला, सरकारला शिव्या देत बसला असता. नानांनी टायरच्या गाड्यांचे साटे करायला घेतले. साटे संपले तशा घरांच्या चौकटी केल्या. तीन पोरींची लग्नं त्याच पैशावर झाली, आणि लग्नाआधी तिघींना सातवीपर्यंत शिकवलं. त्या काळात आमच्या आळीत पोरगी सातवी झालेली दुसरी नव्हती. लोक म्हणायचे, पोरींना शिकवून काय करणार? नाना म्हणायचे, "मापं तरी घेतील." आणि खरंच, थोरली पोर बापाच्या वहीत चौकटींचा हिशोब लिहायची. नाना निरक्षरच होते. लांबी, रुंदी, जाडी सगळी त्यांच्या डोक्यात असायची आणि पोरगी ती कागदावर उतरवायची.

मुलगा शहाण्यासारखा बापाबरोबर काम शिकला, मग शहरात जाऊन फर्निचरचं काम करायला लागला. दर आषाढीला येऊन बापाला एसटीत बसवून आळंदीला पोचवायचा. लग्न झालं, दोन लेकरं झाली. नानांचं सगळं मार्गी लागलं असं आम्हांला वाटलं. आणि तो मुलगा आजारानं गेला. तिशीत गेला. नानांचं वय तेव्हा साठीच्या पुढं. घरात तरणीताठी सून, दोन लहान लेकरं आणि म्हातारी नानी.

मायबापहो, इथं आम्ही जरा थांबतो. नाना नेहमी हसायचे हे सगळ्यांना आठवतं, पण हे आठवावं असं आम्हांला वाटतं. त्या वर्षी नाना वारीला आले. दुसऱ्या वर्षीही आले. दोन्ही वर्षं दिंडीत सगळ्यांत मागं चालले. हातात टाळ नाही, तोंडात भजन नाही. आम्ही काही विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी वेळापूरच्या मुक्कामाला रात्री राहुटीबाहेर बसलो असताना आम्ही धीर करून विचारलं, नाना, तुम्हांला पांडुरंगाचा राग नाही आला का? ते म्हणाले, "आला की. दोन वाऱ्या त्याच्याशी बोललो न्हाई. चाललो, पन बोललो न्हाई." थोड्या वेळानं म्हणाले, "घरात भांडान झालं म्हणून माणूस घर सोडतंय व्हय?"

आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतोय. भक्तीवर पुष्कळ बोललो. पण ह्याच्यापुढं आम्हांला त्या रात्री एक शब्द सुचला नाही.

सुनेचं माहेर म्हणत होतं, लेकरं घेऊन इकडं ये. गावातले काही म्हणत होते, म्हातारा आता किती दिवस पोसणार? नानांनी सुनेला समोर बसवलं आणि म्हणाले, "बाय, तुला जायचं असंल तर गाडीभाडं देतो. ऱ्हायचं असंल तर वाकस देतो." सून राहिली. चौकटीचं जड काम आता नानांच्यानं होत नव्हतं, आणि लोखंडी चौकटी, प्लायवूडची दारंही आली होती. मग त्यांनी पोळपाट-लाटणी करायला घेतली. ताकाच्या रव्या, पाट, आणि पोरांच्या खेळण्यातल्या बैलगाड्या. नाना तासायचे, सून घासून गुळगुळीत करायची, आणि आठवड्याच्या बाजारात मांडायची. पहिल्या बाजाराला ती पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. नाना शेजारी बसून मोठ्यानं ओरडत होते, सगळ्या बाजारानं बघावं असे. म्हसवडच्या सिद्धनाथाची जत्रा, शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा, तिथंही दोघं जायची. पुढं सून एकटी जायला लागली. गिऱ्हाईकाशी घासाघीस करण्यात ती नानांपेक्षा तयार निघाली, कारण नाना भाव सांगून स्वतःच कमी करायचे.

एकदा आम्ही त्यांच्या दारात गेलो, तर हा माणूस विताएवढ्या गाडीचं चाक करत होता. त्यालाही तुंबा, त्यालाही आरे. आम्ही म्हणालो, नाना, पोरांच्या खेळण्याला एवढं कशाला? नुसती चकती कापून लावा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बुवा, बाजार बारका झाला म्हणून चाक चौकोनी करू का?"

त्या पोळपाट-लाटण्यांवर नातवंडं मोठी झाली. नात शिकून नोकरीला लागली. नातू आयटीआयला फिटर झाला, आजोबांचा गुण्या अजून त्याच्या पेटीत आहे.

आता कुणी म्हणेल, बुवा, हे सगळं संसाराचं झालं, ह्यात परमार्थ कुठं आहे? तर ऐका. आपल्या संप्रदायात परमार्थ काम सोडून कधी आलाच नाही. गोरोबाकाका तेरला चिखलच तुडवत होते. सावतोबा अरणला मळ्यातच होते. सेना महाराजांनी वस्तरा टाकला नाही, नरहरी महाराजांनी सोनारकी टाकली नाही. चोखोबाराय तर मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असतानाच भिंत कोसळून गेले. हे आपण कीर्तनात मोठ्या प्रेमानं सांगतो, आणि घरी येऊन आपल्याच गावच्या कुंभाराला, सुताराला, चांभाराला ओट्याखाली उभं करतो. ही आपली रीत बरी नव्हे. नाना संत होते असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी ऐकलं तर हसतील. पण संतांनी जे सांगितलं ते करून बघणारा माणूस आपल्या दिंडीत चालत होता, एवढं नक्की.

शेवटचं सांगतो. २०२० साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आपल्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी टीव्हीसमोर रडले. नानांचं वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, तसंही चालणं होणार नव्हतं. ते आम्हांला म्हणाले, "दिंडीच्या मेखा लई झिजल्यात. वेळ हाय तवर नव्या करून ठेवतो." बसल्या बसल्या रोज दोन-तीन मेखा तासायचे. २०२१ सालीही पायी वारी नव्हतीच. त्याच सालच्या दिवाळीनंतर नाना गेले. घरात, सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेले. आदल्या दिवशीपर्यंत काम चालू होतं.

२०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली. ट्रकमध्ये राहुट्या चढवताना नानांच्या सुनेनं एक पोतं आणून दिलं. त्यात मेखा होत्या, मोजल्या तर एकशेआठ भरल्या. नानांना मोजता येत नव्हतं असं नाही, पण एकशेआठ मुद्दाम केल्या की सहज झाल्या, हे आम्हांला ठाऊक नाही. आळंदीपासून वाखरीपर्यंत आपल्या राहुट्या त्याच मेखांवर उभ्या राहिल्या. ह्या वर्षीही राहतील.

तर मंडळींना आमचं एकच मागणं आहे. ह्या ग्रंथात देणगीदारांची यादी छापताय, जरूर छापा. तिच्या शेजारी अजून एक यादी छापा. ज्यांनी गाडी दुरुस्त केली, ज्यांनी वहाणा शिवल्या, ज्यांनी भाकरी थापल्या, ज्यांनी रात्री राहुटीवर पहारा केला. जुन्या माणसांना विचारून लिहा, अजून सांगणारे चारसहा जण जिवंत आहेत. उशीर करू नका. आणि नानांची सून ह्या वर्षी डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत आहे, इथंच बसलेली आहे. तिच्याकडं नानांचा वाकस आहे. दिंडीत कुणाचं काही मोडलं, तर तिच्याकडं जा. तीही हुईल की म्हणते, आणि तिचा वायदा नानांपेक्षा पक्का आहे.